अर्ध्या मजुरीची मुलं

१८७६ च्या पावसाने दख्खनला दगा दिला आणि त्या हिवाळ्यात सोलापूर, सातारा, नगर, पुणे या जिल्ह्यांत सरकारने दुष्काळी कामं काढली. रस्त्यासाठी खडी फोडायची, तलावातली माती उपसायची आणि हजेरी लागली की मजुरी घ्यायची. मजुरीचे दर तीन होते. पुरुषाचा एक, बाईचा त्याहून कमी आणि कामाजोग्या मुलाचा पुरुषाच्या निम्म्याच्या आसपास. या तिसऱ्या दराकडे इतिहासाची पुस्तकं सहसा थांबून बघत नाहीत, पण मला त्यात त्या काळातल्या बालपणाची सगळी गोम दिसते. कामाजोगं मूल कोणतं आणि नुसतं खाणारं मूल कोणतं, हे ठरवायचं कशावरून? कुणब्याच्या घरात जन्माची नोंद नसे. अमका मोठ्या पुराच्या साली झाला, तमकी पाटलाचा वाडा जळाला त्या शिमग्याला झाली, एवढाच हिशेब. तेव्हा मुकादमाने किंवा कारकुनाने समोर उभ्या पोराकडे वरून खाली बघायचं आणि ठरवायचं. १८७७ च्या जानेवारीत सर रिचर्ड टेंपल यांच्या शिफारशीने मजुरी दिवसाला एक रत्तल धान्य आणि वर एक आणा इतकी खाली आणली गेली, त्याविरुद्ध हजारो मजूर काम सोडून निघून गेले, पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारला जाब विचारला. हे सगळं आपल्याला ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते हे, की मोठ्यांची मजुरी अशी आखडली की त्या पोराचा अर्धा वाटा कुटुंबाच्या गणितात एकदम मोठा होतो, आणि आठ वर्षांच्या मुलाला आपण थोडं उंच दिसावं असं वाटू लागतं.

मुलांसाठी ऐतिहासिक कथा लिहिण्याचा विचार या हजेरीच्या रांगेपासून सुरू व्हावा, असं माझं म्हणणं आहे. १८७६ पासून १९०१ पर्यंतच्या पंचवीस वर्षांत या प्रदेशाने दोन-तीन मोठे दुष्काळ पाहिले, प्लेग पाहिला, गिरण्यांची भरभराट पाहिली. या सगळ्यांतून वाढलेल्या मुलांची अडचण एकाच जातीची होती. ती मुलं आहेत की नाहीत, असली तर किती, हे दर वेळी दुसरं कुणीतरी नजरेने ठरवत होतं. मुंबईच्या गिरण्यांना १८८१ चा कारखाना कायदा लागू झाला तेव्हा सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घ्यायला बंदी आली आणि सात ते बारा या वयाला दिवसाचे नऊ तास ठरले. १८९१ मध्ये ही खालची मर्यादा नऊवर गेली, वरची चौदावर, आणि तास सातावर आले. कागदावर सुधारणा चांगली होती. पण ज्या पोराला स्वतःचं वय माहीत नाही त्याच्यापुढे कायद्यातला नवाचा आकडा काय करणार? शेवटी अंगकाठी बघून अंदाज. आणि अंदाज नेहमी अंदाज करणाऱ्याच्या सोयीने होतो.

हे फक्त गरिबांच्या बाबतीत घडत होतं असंही नाही. धोंडो केशव कर्वे यांनी आपल्या ‘आत्मवृत्ता’त एक प्रसंग नोंदवला आहे. १८७५ साली दापोलीजवळच्या मुरूडहून ते परीक्षेसाठी सोबत्यांबरोबर घाट चढून पायी साताऱ्याला गेले, दिवसरात्र चालले, आणि तिथे परीक्षा घेणाऱ्यांनी त्यांच्याकडे बघून वय कमी दिसतं म्हणून त्यांना परत पाठवलं. ते तेव्हा सतरा वर्षांचे होते. खडी फोडणाऱ्या मुलाला मोठं दिसण्यात फायदा होता, या मुलालाही होता, आणि दोघांचंही वय त्यांच्या हातात नव्हतं. जात वेगळी, पोटातली भूक वेगळी. तरी या दोन प्रसंगांत एक धागा आहे, आणि तो आजच्या दहा वर्षांच्या वाचकाला कुणी समजावून सांगावा लागत नाही. एसटीत अर्धं तिकीट काढताना कंडक्टर ज्या नजरेने बघतो, ती नजर त्याला चांगली ठाऊक असते.

मग मराठीत मुलांसाठीची ऐतिहासिक कथा या वाटेने का गेली नाही? ती किल्ल्यांकडे वळली याला सबळ कारणं होती आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाहीत. परक्या राज्यात ज्या पिढीला शाळेत इंग्लंडच्या राजांची नामावळी घोकावी लागत होती, त्या पिढीला स्वतःच्या पूर्वजांचं राज्य दाखवणं हे कादंबरीकाराला कर्तव्यच वाटलं. हरिभाऊ आपट्यांची ‘उषःकाल’ याच काळातली. स्वातंत्र्यानंतर आणि विशेषतः महाराष्ट्र राज्य झाल्यावर चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकाने शिवचरित्र घराघरांत नेलं, आणि त्याने पिढ्यान्‌पिढ्या मुलांना वाचायची गोडी लावली, हे मान्यच करायला हवं. पण या परंपरेत बालपण हे नेहमी मोठेपणाची प्रस्तावना होऊन येतं. बाल शिवाजी, छोटी मनू ही मुलं पुढे काय होणार ते वाचकाला पहिल्या पानापासून माहीत असतं, आणि लेखकही ते विसरू देत नाही. त्यांचा प्रत्येक खेळ शकुनासारखा असतो. असं मूल भिऊ शकतं, चुकू शकतं, पण त्याचं काय होईल अशी धास्ती वाचकाला वाटत नाही. कठीण काळात वाढण्याची कथा तर त्या धास्तीवरच उभी असते.

गंमत अशी की दुसरी वाट त्याच हरिभाऊंनी चोखाळली होती. १८९० पासून ते ‘करमणूक’ हे साप्ताहिक चालवत होते आणि १८९६-९७ च्या दुष्काळावर त्यांनी ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही दीर्घकथा लिहिली. समोर चाललेल्या आपत्तीवर, शेतकऱ्याच्या घरात शिरून लिहिलेली. ‘पण लक्ष्यात कोण घेतो!’ मध्ये तर त्यांनी एका मुलीला स्वतःच्या तोंडाने स्वतःचं लहानपण सांगायला लावलं. म्हणजे एकाच लेखणीतून गडाचीही कथा उतरली आणि घराचीही. पुढे मुलांच्या वाटणीला वारशात गड आला. घर आणि दुष्काळ मोठ्यांच्या कपाटात राहिले.

त्या कपाटातून मुलांच्या हाती काय देता येईल, याचं सगळ्यात ठळक उदाहरण बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आत्मकथनात आहे. ते १९३५ च्या आसपास लिहिलं गेलं आणि पुस्तकरूपाने १९९० मध्ये आलं. त्यातला पहिला प्रसंग १९०१ चा. बाबासाहेब नऊ-दहा वर्षांचे, आई आधीच वारलेली. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला रोखपाल म्हणून काम करत होते, कारण तिथे दुष्काळग्रस्तांना काम देण्यासाठी सरकार तलाव खोदत होतं. सुट्टीत वडिलांकडे जायचं म्हणून भीमराव, त्यांचा थोरला भाऊ आणि दोन भाचे नवे कपडे घालून साताऱ्याहून आगगाडीने मसूरला उतरले. उतरवून घ्यायला कुणी आलं नव्हतं. पत्र वडिलांपर्यंत पोचलंच नव्हतं, शिपायाने ते द्यायचं राहून गेलं होतं. स्टेशनमास्तरने आधी आपुलकीने चौकशी केली आणि जात कळल्यावर त्याचा चेहरा बदलला. गाडीवान तयार होईनात. शेवटी एक तयार झाला तो दुप्पट भाड्यावर आणि या अटीवर की गाडी मुलांनी हाकायची, तो बाजूने पायी येणार. बरोबर शिदोरी होती, पण पाणी मिळेना. रात्री टोलनाक्यावर मुलाने आपण मुसलमान असल्याचं सांगून उर्दूतून पाणी मागितलं, तरी मिळालं नाही. ती पोरं उपाशीच झोपली आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमाराला पोचली.

कथेच्या दृष्टीने हा प्रसंग नीट पाहा. दुष्काळ त्यात कुठे आहे? पार मागे. हजारो माणसं मरत असलेला तो दुष्काळ मुलांसाठी फक्त ‘बाबा तिकडे नोकरीला आहेत’ एवढाच आहे. इतिहासकार ज्याला महत्त्वाची घटना म्हणेल ती इथे सुट्टीतल्या प्रवासाचं निमित्त झाली आहे. पुढे आहे ते पाणी, तिन्हीसांजेची वेळ, गाडीचे कासरे कुणी धरायचे हा प्रश्न, आणि नाक्यावर काय खोटं बोलायचं हा निर्णय. हे निर्णय मुलांनी घेतले. कुणा मोठ्याने त्यांच्या वतीने घेतले नाहीत, आणि नियतीनेही नाहीत. आणि ते खोटं चाललं नाही. धाडसकथेत ते चाललं असतं. या मुलांपैकी एकजण पुढे कोण झाला हे आपल्याला माहीत आहे म्हणून आपण तो प्रसंग मोठ्या चरित्राचं पहिलं पान म्हणून वाचतो, आणि माझ्या मते तिथेच त्याचं नुकसान करतो. त्या बैलगाडीत चार मुलं होती. कथालेखकाने भाच्यांपैकी एकाला नायक केलं, तर वाचणाऱ्या मुलाला त्या रात्रीची खरी लांबी कळेल. पुढचं संविधान त्या भाच्याला माहीत नाही आणि त्याला तहान लागली आहे.

इथे पहिली हरकत येते, आणि ती अभ्यासकांची आहे. ही सगळी साधनं मोठ्यांनी मोठेपणी लिहिलेली आहेत. कर्व्यांचं आत्मवृत्त १९१५ चं, म्हणजे त्या प्रसंगानंतर चाळीस वर्षांनी. लिहू शकले ते तगले आणि नावारूपाला आले; जे तगले नाहीत त्यांचं आत्मचरित्र नाही. मग खडी फोडणाऱ्या पोराच्या मनात काय होतं हे सांगण्याचा अधिकार कथाकाराला कुठून मिळाला? ही हरकत खरी आहे, पण ती मला कथेच्या विरोधातली वाटत नाही, कथेची गरज दाखवणारी वाटते. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० मध्ये गुजरातेतून शेकडो मुली आणून केडगावला ठेवल्या. रमाबाई स्वतः १८७० च्या दशकातल्या उपासमारीत आई-वडील आणि बहीण गमावून वाढलेल्या, तेव्हा त्यांना त्या मुलींत काय दिसलं असेल हे आपण समजू शकतो, कारण रमाबाईंनी लिहून ठेवलं आहे. त्या मुलींपैकी बहुतेकींनी काही लिहिलं नाही. पण त्यांनी काय केलं हे माहीत आहे. केडगावच्या छापखान्यात बायका आणि मुली खिळे जुळवायच्या. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्यांच्या हातांखालून छापलं गेलं. अक्षरओळख नसलेली, दुसरी भाषा बोलणारी मुलगी मराठी अक्षरं उलटी वाचायला कशी शिकली असेल, ही जागा कागदपत्रांनी मोकळी सोडली आहे. तिथे कल्पना चालवायची ती छापखान्याची रीत, केसमधली अक्षरांची मांडणी, दिवसाचे तास पक्के माहीत करून घेऊन. कल्पनेला आजूबाजूने भिंती असाव्यात, एवढंच मागणं आहे. आणि भिंतींचा माल भरपूर आहे. १८८० च्या दशकात निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत जिल्ह्याजिल्ह्याचा दुष्काळ, ज्वारीचा भाव, कामावरच्या माणसांची संख्या महिनावार मिळते. ओतूरहून सावित्रीबाईंनी जोतीरावांना १८७७ मध्ये लिहिलेलं पत्र आहे, आणि सत्यशोधक मंडळींनी धनकवडीला दुष्काळी मुलांसाठी चालवलेल्या बालाश्रमाची माहिती आहे. तिथे रोज जेवायला बसणाऱ्या मुलांतलं कुणी आत्मचरित्र लिहिलं नाही, म्हणून त्यांना कथेतही बसू द्यायचं नाही, हा न्याय विचित्र होईल.

दुसरी हरकत पालकांची. मुलांना हे कशाला? त्यांना उमेद द्यायची की उपासमार दाखवायची? या प्रश्नाचं एक उत्तर आपल्याकडच्या वाचकांनीच दिलेलं आहे. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात कर्ज आहे, सावकाराचा तगादा आहे, घरातला मृत्यू आहे, आणि तरी ती मुलांच्या हातून गेली नव्वद वर्षं सुटलेली नाही. तिला कुणी ऐतिहासिक कादंबरी म्हणत नाही, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कोकणातल्या खोताच्या घराची पडती अवस्था तिच्याइतकी मुलांना कुणी दाखवलेली नाही. प्लेगचं तसंच आहे. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवीला प्लेग उघडकीस आला, पुढच्या वसंतात पुण्यात सोल्जर घरोघर झडती घेऊ लागले, उंदीर पडला की गाव माळावर झोपड्या घालून राहायला जाऊ लागलं. शाळा बंद. २०२० ची टाळेबंदी पाहिलेल्या मुलाला यातलं काही फार परकं वाटणार नाही. अर्थात, दोन्ही साथी सारख्या होत्या असं सुचवणारी कथा आळशी ठरेल. घरात मोबाइल घेऊन बसणं आणि माळावर थंडीत आजीला मरताना बघणं यांत अंतर आहे, आणि ते अंतरच वाचकाला दाखवायचं आहे. आपल्याला रँडचा खून आणि चापेकर बंधू पाठ असतात. सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपल्या दत्तक मुलाच्या, यशवंतच्या दवाखान्यात नेलं आणि १० मार्च १८९७ ला त्या स्वतः प्लेगने गेल्या, हेही आता पुष्कळांना माहीत असतं. तो मुलगा वाचला असं चरित्रकार सांगतात. पण आपण त्या पाठीकडे बघतो, पाठीवरच्या मुलाकडे बघत नाही. आपल्याला आणणारी बाई गेली आणि आपण राहिलो, हे त्याला कुणी आणि कसं सांगितलं असेल? यात अंधार आहे, मान्य. पण मुलांना न झेपणारं यात मला काही दिसत नाही.

इंग्रजीत अशा कथांना बहर आला तो एका विशिष्ट वेळी. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर लंडनमधून खेड्यांत पाठवलेल्या मुलांपैकी एक, नीना बॉडन, हिने ‘कॅरीज वॉर’ लिहिली ती १९७३ मध्ये. तेव्हाची मुलं लिहित्या वयात आली आणि त्यांनी आपल्या मुलांच्या पिढीसाठी लिहिलं. आपल्याकडे प्लेगच्या आणि दुष्काळाच्या मुलांची ती वेळ १९२०-३० च्या सुमाराला आली, आणि तेव्हा सगळ्यांचं लक्ष स्वातंत्र्याच्या चळवळीकडे होतं. गेलेली वेळ परत येत नाही, पण एक वेळ अजून पुरती गेलेली नाही. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे इथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. त्यांत बायका आणि मुलं बहुसंख्य, सैबेरियाच्या हद्दपारीतून इराणमार्गे आलेली. ती गेल्यावर त्याच बराकींत सिंधमधून आलेली फाळणीची कुटुंबं राहिली, आणि त्या जागेचं गांधीनगर झालं. एकाच छपराखाली लागोपाठ दोन वेळा मुलं दुसऱ्या भाषेच्या मुलखात वाढली. पंचगंगेच्या काठच्या गावातल्या मराठी पोरांनी या दोघांना पाहिलं. ही कथा मराठीत लिहायची तर आजचा लेखक अजून विचारायला जाऊ शकतो. १८७७ बद्दल कुणाला विचारणार?

तिसरी हरकत सगळ्यांत अवघड आहे, कारण ती लेखकाच्या चांगल्या हेतूवरच बोट ठेवते. आजचा लेखक त्या काळातल्या मुलाच्या तोंडी आजचे विचार घालणार. अकराव्या वर्षी लग्न झालेली मुलगी बंड करून उठणार, सासूला सुनावणार आणि शाळेत जाणार. अशी पुस्तकं निघतात आणि ती खोटी असतात, हे मी नाकारत नाही. पण यावरची तोड त्या मुलींवर लिहायचंच नाही ही नसून, पुराव्याला चिकटून लिहायचं ही आहे. बंड करणारी मुलगी पुराव्यात आहे: पुण्याच्या फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे, चौदा वर्षांची, जिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त छापला गेला. तिच्या तोंडी धर्माला सवाल घालताना लेखकाने बिचकायचं कारण नाही, कारण तिने ते स्वतः विचारले. रमाबाई रानड्यांची गोष्ट मात्र निराळी. १८७३ मध्ये अकराव्या वर्षी त्यांचं लग्न झालं आणि नवऱ्याने अक्षरओळखीपासून शिकवायला सुरुवात केली. शिकायची इच्छा आधी कुणाची होती? नवऱ्याची. घरातल्या बायकांना ते खपेना, आणि त्या पोरीला दिवसा एकीकडचं आणि रात्री दुसरीकडचं ऐकून घ्यावं लागे. तिची अडचण बंडखोराची नव्हती, दोन्हीकडे आज्ञाधारक राहायची होती, आणि ती बंडापेक्षा कठीण असू शकते. शिवाय ज्या बायकांनी तिला टोमणे मारले त्याही त्याच वयात त्या घरात आल्या होत्या, त्यांनाही कुणी वय विचारलं नव्हतं. त्यांच्या दृष्टीने पाटी हातात घेतलेली सून ही उद्या घराबाहेर पडणारी सून, आणि बाहेर पडलेल्या बाईचं त्या काळात काय होतं हे त्यांनी पाहिलेलं. ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ १९१० मध्ये लिहिताना रमाबाईंनी त्या बायकांना कुठे राक्षसिणी केलेलं नाही. मुलांसाठी लिहिणाऱ्यानेही करू नये. त्या कथेतल्या सासरच्या थोरल्या बायकांना एखादं प्रकरण त्यांच्या बाजूने बोलायला मिळालं, तर दहा वर्षांचा वाचक दोन्ही बाजू ऐकून घेईल. घरात तो रोज तेच करत असतो.